न निघणारा पांढरा रंग

पेंटरच्या घरी कुणी आलं, की चपला काढता काढताच पहिला प्रश्न यायचा, "काय, किडनी कशी आहे?" पेंटर कसा आहे, हे कुणी विचारत नसे. तो समोरच उभा असायचा, दिसायचाच. मग विचारायचं कशाला? पेंटर म्हणायचा, "छान आहे." की मंडळी समाधानानं खुर्चीत टेकायची.

तशी ती किडनी मानाचीच होती. ती सासूबाईंची होती.

आठ वर्षांपूर्वी पेंटरच्या स्वतःच्या दोन्ही किडन्यांनी एकदमच हात वर केले. मशीनवर रक्त धुऊन घेता घेता गड्याची पार काटकी झाली. मग कुणाची किडनी जुळते याची घरात शोधाशोध सुरू झाली. बायकोची जुळेना. मेहुण्याची जुळली, पण ज्या दिवशी जुळल्याचं कळलं त्याच दिवशी त्याची पाठ धरली, आणि ती ऑपरेशन पार पडेपर्यंत काही सुटली नाही. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "माझी काढा. दोन घेऊन मी तरी काय करणार आहे?"

सासूबाई वजनमापं तपासणाऱ्या खात्यातून निवृत्त झालेल्या. जन्मभर त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासले, खोट्या वजनांवर जप्ती आणली, खऱ्यांवर शिक्के मारले. तराजूला चोरून बोट लावणारा भलाभला त्यांची छत्री कोपऱ्यावर दिसली की सरळ व्हायचा. निवृत्त झाल्या त्या नोकरीतून. तपासण्यातून माणूस असा सहजासहजी निवृत्त होत नाही. त्यात यजमान वारलेले, मुक्काम लेकीकडे, आणि लेकीच्या घरात स्वतःचीच किडनी दुसऱ्याच्या पोटात फिरते आहे म्हटल्यावर तपासायला कायमचं काम मिळालं.

लग्नापासून त्या त्याला "अहो, जावईबापू" म्हणत आल्या होत्या. ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्या आणि पलीकडच्या खाटेकडे बघून म्हणाल्या, "नीट सांभाळ रे तिला." तेव्हापासून तो 'तू' झाला. पेंटरला ते मनातून आवडलं. "आपल्याच मालाला कोण अहोजाहो करतं!" असं मेहुणा हसत म्हणाला, ते मात्र आवडलं नाही.

घरात किडनीचं नाव 'पाहुणी' पडलं. पाहुणीला पाणी मापाच्या भांड्यानं, मीठ चिमटीनं नव्हे तर तोलून. गोळ्यांचा डबा सासूबाईंच्या कपाटात, किल्ली त्यांच्या गळ्यात. सकाळ-संध्याकाळ त्या पेंटरच्या तळहातावर गोळ्या ठेवायच्या आणि त्याचा घसा हलेपर्यंत समोरून हलायच्या नाहीत. तो मोरीत गेला, की बाहेरून विचारणा व्हायची, "रंग कसा?" पेंटर पडला रंगातला माणूस. पिवळ्याच्या जेवढ्या छटा त्याला ठाऊक होत्या तेवढ्या डॉक्टरांनाही नसतील. तो आतून अगदी प्रामाणिकपणे सांगायचा, "फिकाच आहे, आई. दुकानात ज्याला लिंबू म्हणतात ना, त्याच्याही अलीकडचा." सासूबाईंचं समाधान व्हायचं.

आता एक गोष्ट सांगायला हवी. ऑपरेशननंतर घरी सोडताना किडनीच्या डॉक्टरांनी सगळ्यांना समोर बसवून समजावलं होतं. शरीरात पहारेकरी असतात, परकं काही दिसलं की ते त्याला हाकलून देतात. ही किडनी परकी. म्हणून रोज गोळ्या देऊन या पहारेकऱ्यांना जरा पेंगुळलेलं ठेवायचं. पण पेंगुळलेल्या पहारेकऱ्याला दुसरे चोरही दिसत नाहीत. म्हणून अशा माणसांना पुढे कातडीचे, ओठाचे, तोंडाचे, मानेचे कॅन्सर इतरांपेक्षा बरेच जास्त होतात. उन्हात टोपी घाला, मलम लावा, चेहऱ्यावर, कानावर, ओठावर काही नवं दिसलं आणि चार आठवड्यांत गेलं नाही, तर लगेच दाखवा.

घरच्यांनी हे सगळं मान डोलावून ऐकलं. लक्षात राहिला तो गोळ्यांचा भाग. बाकीचं चेहऱ्याबद्दल होतं आणि चेहरा काही सासूबाईंनी दिलेला नव्हता. टोपीचं पेंटरनं चार दिवस करून पाहिलं. शिडीवर मान वर करून अक्षरं काढायची, तर टोपीचा काठ पाटीला लागतो नाहीतर टोपी खाली पडते. मलमाचं म्हणाल, तर ते ओठाला लावलं की कुंचल्याला लागायचं.

कुंचल्याला कसं, तर पेंटरची कामाची रीतच तशी होती. बारीक अक्षराला कुंचल्याचं टोक सुईसारखं लागतं. ते पाण्यानं होत नाही, चिंधीनं होत नाही. ते ओठांनीच होतं. वेलांटी काढायची, कुंचला ओठात धरून टोक ओढून घ्यायचं, पुढचा उकार काढायचा. त्याच्या उस्तादानं त्याला हेच शिकवलं होतं आणि उस्तादाला त्याच्या उस्तादानं. सगळ्यांचे खालचे ओठ रंगीबेरंगी असायचे. पाट्या छापून मिळायला लागल्या, तसे बाकीचे पेंटर दुसऱ्या धंद्यांना लागले; आपल्या पेंटरचा हात इतका सुरेख, की निवडक लोक अजून त्यालाच बोलवायचे. दिवसभर उन्हात शिडीवर, ओठात कुंचला. संध्याकाळी घरी येऊन चिंधीला टर्पेंटाइन लावून तोंड पुसायचं, की दिवस संपला.

मागच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी खालच्या ओठावरचा पांढरा काही निघेना.

डाव्या बाजूला डाळीएवढा ठिपका. पेंटरनं चिंधी घासली. निघाला नाही. दुसऱ्या दिवशी जास्त टर्पेंटाइन घेतलं. ओठ लाल झाला, ठिपका पांढराच. पेंटरला आधी कौतुक वाटलं. असा चिकट पांढरा त्यानं आजवर पाहिला नव्हता. मग राग आला. रंगाच्या दुकानात जाऊन त्यानं डबा गल्ल्यावर आपटला. "हा काय रंग आहे का डांबर? ओठाला लागला तो निघत नाही!"

दुकानदार म्हणाला, "तक्रार म्हणून सांगताय, की जाहिरात म्हणून?"

पेंटरनं कंपनी बदलली. ठिपका तोच राहिला. मग त्यानं पांढरा वापरायचाच सोडला आणि महिनाभर गिऱ्हाइकांच्या गळी पिवळी अक्षरं उतरवली. ठिपका पांढराच. एवढं झाल्यावर दुसऱ्या कुणाला शंका आली असती. पण रंगाच्या माणसाला जगातली प्रत्येक गोष्ट आधी रंग वाटते. ज्या माणसाला लघवीची छटा बिनचूक सांगता यायची, त्याला स्वतःच्या ओठावरचा पांढरा कुठला हे वर्षभर कळलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

पुढे ठिपका जाड झाला, खरबरीत झाला, कडेनं फुटून रक्त यायला लागलं. बायको म्हणाली, "उष्णता झाली असेल." सासूबाई म्हणाल्या, "तंबाखू नाही, विडी नाही, तोंडाला काय व्हायचंय? पाणी बरोबर पितोय ना?" पेंटरनं टर्पेंटाइनला दोष दिला आणि रॉकेल वापरून पाहिलं.

डॉक्टरांकडे तो जात नव्हता असं नाही. किडनीसाठी नेमानं जायचा. सोबत सासूबाई. दवाखान्यात दोन खुर्च्या असायच्या, एक डॉक्टरांची आणि एक पेशंटची. पेशंटच्या खुर्चीत सासूबाई बसायच्या. शेवटी किडनी मूळची त्यांची. पेंटर मागे भिंतीला टेकून उभा. डॉक्टर रिपोर्टमध्ये डोकं घालून म्हणायचे, "वा! क्रिएटिनिन सुंदर आहे, किडनी रक्त छान गाळतेय. काही त्रास?" आणि पेंटरनं तोंड उघडायच्या आत सासूबाई सांगायच्या, "काही नाही." डॉक्टर लिहायचे, काही नाही. एकदा पेंटरनं ओठाचं काढलं होतं. सासूबाई वळून म्हणाल्या, "अरे, एवढे मोठे डॉक्टर, त्यांच्यापुढे ओठ काय काढतोस?" पेंटरलाही ते पटलं. नाकापेक्षा मोती जड झाला, की नाकाला स्वतःचीच लाज वाटायला लागते.

मग डॉक्टरांनी स्वतःचा नवा दवाखाना काढला. पाटी हातानं रंगवलेली हवी, असं त्यांच्या मनानं घेतलं, कारण छापील फलक उन्हात खराब होतात हे त्यांना पक्कं माहीत होतं. काम अर्थातच पेंटरला मिळालं. भर दुपारी पेंटर शिडीवर चढून डॉक्टरांच्या पदव्या रंगवत होता. पदव्या पुष्कळ होत्या. डॉक्टर बाहेर आले, कपाळावर हात धरून वर बघू लागले.

"पेंटर, पदव्या जरा ठसठशीत येऊ द्या."

पेंटर कुंचला ओठात धरून खाली वाकला. आठ वर्षांत पहिल्यांदाच डॉक्टरांनी त्याचं तोंड उजेडात पाहिलं.

"ओठ पुसा जरा."

पेंटरनं पुसला.

"अजून पुसा."

"नाही निघत तो, डॉक्टर. हल्लीचे रंगच असले. मी कंपनीसुद्धा बदलली."

"किती दिवस निघत नाहीये?"

"मागच्या उन्हाळ्यापासून."

डॉक्टरांनी शिडीला हात लावला. "खाली या."

"पदव्या अर्ध्याच झाल्यात अजून."

"असू देत अर्ध्या. खाली या आधी."

आत नेऊन डॉक्टरांनी बॅटरी लावून ओठ पाहिला, मान चाचपली. मग म्हणाले, "मी दर खेपेला विचारत होतो हो तुम्हाला, काही त्रास आहे का म्हणून."

"उत्तर आई द्यायच्या," पेंटर म्हणाला.

"आणि मी ते लिहून घ्यायचो." डॉक्टरांचा चेहरा उतरला. तो उतरायलाच हवा होता.

ओठाचा तुकडा तपासायला गेला. आलेला शब्द पेंटरनं मनात आधीच धरला होता, तरी ऐकताना कान बधिर झाले. ओठाचं ऑपरेशन करणाऱ्या सर्जनबाई धीराच्या होत्या. म्हणाल्या, फार मोठा नाही, मानेतल्या गाठी सध्या स्वच्छ दिसतात, कापून काढू, ओठ थोडा लहान होईल. बायकोनं सुटकेचा श्वास सोडला. मग किडनीच्या डॉक्टरांनी घसा साफ केला.

"नुसतं कापून भागणार नाही. एक गोळी कमी करावी लागेल, दुसरी बदलावी लागेल. पहारेकऱ्यांना थोडं जागं करायचं. मात्र जागे झाले की ते किडनीकडेही वळून बघतील. बहुतेक वेळा निभावतं. कधीकधी नाही निभावत."

"आणि गोळ्या आहे तशाच ठेवल्या तर?"

"तर हा परत यायची भीती फार. ओठावर नाही आला तर मानेत येईल. तिथं मग मला खात्री देता येणार नाही."

घरी परत जाताना बस थांब्यावर पेंटर बायकोला म्हणाला, "ओठ कापू देत. पण गोळ्यांना हात लावायचा नाही."

"वेड लागलंय का तुम्हाला? डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलं नाही?"

"ऐकलं. पण त्या बाईनं पोट फाडून दिलीय ती. मी जाऊन काय सांगू? ओठासाठी तुमची किडनी पणाला लावतोय म्हणून?"

बायको रडायला लागली. पेंटरला मरणाची भीती वाटत होती, नाही असं नाही; पण ते त्यानं एकदा जवळून पाहिलेलं होतं. सासूबाईंचा चेहरा पडलेला त्यानं कधी पाहिलेला नव्हता आणि तो पाहायची त्याची छाती होत नव्हती. माणूस उपकाराखाली एकदा दबला, की त्याला मरणंसुद्धा परवानगी काढूनच मरावंसं वाटतं.

सांगितल्यावाचून मात्र गत्यंतर नव्हतं, कारण गोळ्यांची किल्ली सासूबाईंच्या गळ्यात. बायकोनं त्याला दम दिला होता, तुम्ही बोला, नाहीतर मी बोलते. त्यानं वाटेत चांगली वाक्यं जुळवून ठेवली होती. संध्याकाळी सासूबाईंनी तळहातावर गोळ्या ठेवल्या आणि त्याच्या तोंडून एवढंच आलं, "आई, तो रंग नव्हता."

मग बायकोनं सगळं सांगितलं. योगायोगानं मेहुणाही आलेला होता. आपली किडनी वाचल्यापासून आईच्या किडनीचा त्याच्याएवढा मोठा भक्त दुसरा नव्हता. सासूबाई काही बोलायच्या आत त्यानं सूत्रं हातात घेतली.

"भाऊजी, गोळी कमी करायचा विषयच नको. कॅन्सरचं काय हो, हल्ली बरे होतात. किडनी पुन्हा कुठून आणणार? आईनं एवढा त्याग केला, त्याची काही किंमत?"

"तेच म्हणतोय मी," पेंटर म्हणाला.

"आपण दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू. ज्याला किडनीची कदर आहे अशा. आईची वस्तू आहे ती, वाया कशी घालवायची?"

"तुझी पाठ कशी आहे आता?" सासूबाईंनी विचारलं.

मेहुण्याला एकदम एक काम आठवलं.

सासूबाईंनी चष्मा पदरानं पुसला. पेंटरची हनुवटी धरून त्याचं तोंड खिडकीकडे वळवलं. खोटं वजन त्या लांबून ओळखायच्या. समोर रोज जेवायला बसणाऱ्या माणसाचा ओठ त्यांनी आज पहिल्यांदा पाहिला. खूप वेळ पाहिला.

"दुखतं का रे?"

"नाही, आई. ऑपरेशनच्या जागी कधीच दुखत नाही. लघवीही अगदी…"

"ओठ रे! ओठ दुखतो का?"

आपल्याला दुखतं का, हे कुणी विचारल्याची पेंटरला सवयच राहिली नव्हती. मग म्हणाला, "दुखतो. जेवताना फार."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलू देतेस कुठे, आई?" बायको म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "तिथं खुर्चीतसुद्धा तूच बसतेस."

सासूबाई खाली बसल्या. आता रागावतील, असं पेंटरला वाटलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी गळ्यातली किल्ली काढली आणि लेकीच्या हातात दिली.

"उद्या डॉक्टरांना विचारून कमी करायची ती गोळी कमी कर."

"आई, पण ती गेली तर?" पेंटर म्हणाला.

"गेली तर गेली. पुन्हा मशीनवर बसशील. दुसरी देता येणार नाही, ती मला लागते. पण तूच गेलास, तर ती काय उठून माझ्याकडे परत येणार आहे?" त्या म्हणाल्या. "जावयाला किडनी दिली होती रे मी. किडनीला जावई नव्हता दिला."

पेंटरला हसू आलं आणि ओठ फुटला. रक्त पुसता पुसता तो रडायला लागला, आणि आठ वर्षांचं रडला.

ओठाचं ऑपरेशन झालं. डाव्या बाजूचा त्रिकोण कापून कडा शिवल्या. तोंड एका बाजूला ओढल्यासारखं दिसू लागलं. गोळी कमी झाल्यावर किडनी कुरकुरली. क्रिएटिनिन वर चढलं, आणखी थोडं चढलं. पुढे ते थांबेल की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. मानेवर दर महिन्याला नजर ठेवायची होती. गोष्ट संपली, असं म्हणायची सोय कुणालाच नव्हती.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सासूबाई भेटायला आल्या. ही किडनी याच बाईंची, हे नर्सला कुणीतरी सांगितलेलं होतं. खाटेच्या कडेला लघवीची पिशवी लटकत होती. नर्सनं ती कौतुकानं उचलून दाखवली. "बघा आजी, तुमची किडनी आज किती छान चाललीय!"

सासूबाईंनी पिशवीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"ते राहू दे, बाळ," त्या म्हणाल्या. "याला बोलता येतं का, ते सांग."

टाके ताजे होते, ओठ हलवायची मनाई होती.

"येतं, आई," पेंटर म्हणाला.